एक बट कमी

जेवण झाल्यावर आडवं व्हायचं नाही असं रंगनाथ उदावंत रोज ठरवतो आणि रोज आडवा होतो. साठी उलटलेला माणूस, देवळाली कॅम्पात दागिने दुरुस्त करण्यात सगळा जन्म गेला, आता घरात एकटा. त्याला उठवायला कोण येणार? दुपारचे दोन वाजलेत. मुठीत नेहमीसारखा तो जुना इंग्रजी ब्रोच आहे. बाहेर भंगारवाला ओरडत जातो, त्याचा आवाज लांब लांब होत जातो, आणि स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात.

वत्सला पाटावर बसून वेणी घालते आहे. बायकोला जाऊन चौदा महिने झाले हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तो चहा ठेवू का म्हणून विचारतो, कारण दुसरं काही सुचतच नाही. तिचं लक्ष नाही. वेणी खालपर्यंत येते, सुटते, ती पुन्हा पेड घालायला घेते.

"एक बट कमी पडतेय," ती म्हणते. "तुमच्याकडे आहे."

रंगनाथ मूठ आवळतो.

आता या ब्रोचचं सांगायलाच हवं. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या मडमांचे नखरे काय विचारता! कॅम्पातला एक जुन्या वस्तूंचा दुकानदार त्यांचे दागिने दुरुस्तीला पाठवायचा. नखाएवढी छत्री, खरोखर वाजणारी शिट्टी, दृष्ट लागू नये म्हणून पोवळ्याची इवलीशी मूठ. एकदा माशीच्या आकाराची पिन ओट्यावर राहिली, तर वत्सलानं फडक्यानं तिला अशी हाणली की पंखच गेला. पण हा ब्रोच तिनं घरात येऊ दिला नव्हता. कडेनं स्वतःची शेपूट तोंडात धरलेला साप आणि मधे काचेखाली मेलेल्या माणसाचे केस ठेवायची जागा. साप म्हणजे न संपणारं प्रेम, असं त्यानं परोपरीनं समजावलं. प्रेम खुशाल करा, पण साप आणि मढ्याचे केस उंबऱ्याबाहेर, असं तिनं बजावलं.

मग तिचं दुखणं निघालं. दवाखान्यात तिचे केस उतरवले त्या दिवशी त्यानं त्यातली एक बट गुपचूप उचलली, सापाच्या वेढ्यात बसवली आणि काच पक्की केली. साड्या भाच्यांनी नेल्या. आता तिचं म्हणून तेवढंच उरलंय.

पाटाचं एसटीतलं बाक होतं आणि एसटी हलते. वत्सला खिडकीशी बसली आहे, अर्धी वेणी वाऱ्यानं विसकटते आहे, आणि बाकी सगळी बाकं रिकामी आहेत. रंगनाथ पोरासारखा हट्टाला पेटतो. बट द्यायची नाही म्हणतो.

"दिली तर माझ्याकडे काय राहील गं?"

ती रागावत नाही. अर्धी वेणी घालून पुढे जाता येत नाही, असं सांगते. बरोबरच्या बायका केव्हाच गेल्या, ती मागे खोळंबली आहे, बोलायलाही कुणी नाही.

"चौदा महिने बसलेय अहो. मान अवघडली."

रंगनाथला भडभडून येतं. एकटेपणा फक्त आपल्याच वाट्याला आलाय असं तो धरून चालला होता. तिकडे तीही एकटी असेल, आणि तीही आपल्यामुळे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते एसटीतून उतरतात ते दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, बाकापाशी. केस उतरवायच्या सकाळी याच बाकावर ती म्हणाली होती की एकदा तुमच्या हातानं वेणी घालून द्या. तो आधी औषधं आणायला खाली गेला, आणि वर येईपर्यंत न्हावी काम उरकून गेला होता. आज तो खाली जात नाही. नखानं काच उचकटतो. साप शेपूट सोडतो. बट उबदार लागते.

"वेणी मी घालतो," तो म्हणतो.

केसाएवढी तार जोडणारी त्याची बोटं तीन पेडांत पार गोंधळतात. एवढे सोनार म्हणवता, असं ती हसत चिडवते. वाकडीतिकडी का होईना, वेणी पुरी होते आणि टिकते. मग तिचा हात गळ्याशी जातो. तिला चितेवर निरोप देताना मंगळसूत्रातलं सोनं काढून काळे मणी तसेच गळ्यात ठेवले होते.

"हे तुमच्यासाठी घालत होते मी. एक ठेवा जवळ. नाहीतर दृष्ट लागेल."

"एकट्या म्हाताऱ्याला कोण दृष्ट लावतंय?"

"मीच. बघत असते ना सारखी."

दूधवाला कडी वाजवतो. चार वाजलेत. रंगनाथचा तळहात घामेजला आहे, त्यावर सापाचा ठसा उमटला आहे. ब्रोच बंद आहे, काच त्यानं बसवली होती तशीच पक्की आहे, कुठे ओरखडासुद्धा नाही. तो खिडकीशी जातो, डोळ्याला भिंग लावतो आणि बराच वेळ बघत राहतो.

काचेखाली केस नाहीत. एक काळा मणी आहे, एका बाजूनं धुरकटलेला.