काल रात्री आले होते

गाडी रोज धुतली तरी सीटखाली धूळ राहतेच. किश्शांचंही तसंच आहे. आपण जमवायला जात नाही. दार उघडतं, माणूस बसतो, उतरतो, आणि काहीतरी मागं ठेवून जातो.

मी भाऊंची गाडी चालवली. माझे केस काळे होते तेव्हापासून ते पार पांढरे होईस्तोवर. भाऊ म्हणजे आमचे आमदार. इतक्यांदा निवडून आले की लहान पोरांना वाटायचं, आमदार हे त्यांचं आडनावच आहे! मी शाळेत गेलो नाही. पण गाडीत मागं बोललेलं पुढं ऐकू येतं, आणि ऐकलेलं मी विसरत नाही. स्टँडवर चहा घेताना जुने ड्रायव्हर म्हणतात, "किसनभाऊ, ते स्वप्नाचं सांगा ना." तर सांगतो. घाई मात्र करू नका. गाडीसुद्धा मी कधी पळवली नाही.

* * *

भाऊंचा एक नेम होता. मतदारसंघात कुणी गेलं की तिथं जायचं. लग्न चुकलं तर चालेल, मयतीचं घर चुकायचं नाही. आपला असो, विरोधातला असो. पी.ए. श्रीराम सकाळी सांगायचा, अमक्या गावात तमका गेला, आणि मी गाडी काढायचो.

दारात भाऊ चपला काढायचे आणि सरळ आत. त्या चपला मी उचलायचो आणि रस्त्याकडं तोंड करून नीट जोडीनं ठेवायचो. म्हणजे बाहेर आले की पाय घातला आणि निघाले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं.

सुरुवातीला भाऊंना मयतीच्या घरी काय बोलावं ते कळायचं नाही. पिंपळगाव राजा गावात एक जुने मास्तर वारले. सतरंजीवर बसले सगळे, भाऊ मध्ये. बोलणं काही सुचेना. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "काल रात्री आले होते स्वप्नात. म्हणे, भाऊ, माह्या लेकरायकडे लक्ष ठेव."

घरात एकदम रडं फुटलं! मास्तरांच्या मुलानं भाऊंचे पाय धरले.

 गाडीत बसल्यावर भाऊ माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "किसन, सापडलं बे!"

तेव्हापासून प्रत्येक घरी तेच. जाताना श्रीरामला विचारून घ्यायचे, "टोपी घालत होता का फेटा? काठी होती का?" आणि सतरंजीवर बसले की, काल रात्री आले होते.

* * *

एकदा विरोधी पुढाऱ्याचा बाप गेला. आयुष्यभर भाऊंना शिव्या देणारा म्हातारा. मला वाटलं, इथं तरी भाऊ गप बसतील. छे! तिथंही तेच. पुढारी तापट माणूस. सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, बाप माहा. माह्या स्वप्नात येत नाही, अन् तुमच्या कसा आला?"

भाऊंनी पापणी हलवली नाही. "तुमच्या घरी कार्यकर्त्यायची गर्दी लई. तुमच्या बाबाले बसाले जागा भेटली नसन."

पुढाऱ्यालासुद्धा हसू आलं. त्या गडबडीत बाहेर येताना भाऊंच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला. भाऊंच्या चपला नेहमी पांढऱ्या असायच्या. गाडीत हाराचा हिरवा दोरा पडला होता, त्यानंच मी टाके घालून दिले. भाऊ म्हणाले, "राहू दे आता असाच. शुभ आहे." मग तो जोड त्यांनी टाकलाच नाही.

* * *

सोनाळ्याकडच्या एका गावात दोघं सख्खे भाऊ राहायचे. धाकटा वारला. श्रीरामनं फोनवर घाईत ऐकलं, आणि सांगताना थोरल्याचं नाव सांगितलं. थोरला म्हणजे बापूराव.

आम्ही गेलो. भाऊ सतरंजीवर बसले, उसासा टाकला. "बापूराव काल रात्री आले होते स्वप्नात."

कोपऱ्यात बाजेवरून आवाज आला. "मी?"

 बापूराव उठून बसले होते. चेष्टा नाही, राग नाही. अगदी साधं विचारलं, "काय म्हणलो मी?"

 भाऊंची जीभ सवयीनं चाललीच. "म्हणले... लेकरायकडे लक्ष ठेवा."

बापूरावांनी जरा विचार केला. "बरोबर. म्हणलो असन मी." मग कनवटीची कोठीची चावी सोडली आणि सुनेला बोलावून तिच्या हातात दिली. "ठेव वं माय. मी सांगून आलो हाय."

तीन दिवसांनी बापूराव गेल्याचा फोन आला. श्रीराम विचारायला आला, गाडी काढायला सांगू का?

भाऊ खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "नको. जाऊन आलो ना आपण."

* * *

ही गोष्ट फिरायला कितीसा वेळ लागणार! लोक गाडीला भ्यायला लागले. घरात कुणी अंथरुणावर असलं आणि आमची गाडी गल्लीत शिरली की बाया दारं लोटायच्या. एक गुरुजी तर हात जोडून म्हणाले, "भाऊ, फोन करा, पण येऊ नका. आई अजून बरी हाय."

देऊळघाटला एक म्हातारी महिनाभर पडून होती. आम्ही दुसऱ्याच कामाला चाललो होतो, गाडी फक्त तिच्या घरापुढून वळली. तिनं खिडकीतून पाहिलं, ताडकन उठली, झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागली. झाडता झाडता ओरडून सांगते, "मी झाडून राह्यली वो भाऊ! मी बरी हाय! पुढं जा तुमी!"

पुढं ती कितीतरी वर्षं झाडत होती.

* * *

आता शेषरावाचं. शेषराव म्हणजे भाजी पिकवणारा माणूस. भाऊंनी काढलेल्या कॉलेजच्या भिंतीला लागूनच त्याचं रस्त्यावरचं वावर, म्हणजे शेत, होतं. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. तो आणि त्याची बायको गोदाबाई, दोघंही पहाटे पाणी द्यायची. भाऊंना ते वावर किती दिवसांपासून पाहिजे होतं. शेषराव दर वेळेस मेथीची जुडी हातात द्यायचा आणि म्हणायचा, "भाजी पाह्यजे तेवढी न्या भाऊ. वावर नाही."

शेषराव गेला. भाऊ सतरंजीवर बसले. आणि त्या दिवशी ते वाक्य जरा लांबलं.

"काल रात्री आले होते. म्हणे, भाऊ, पोराले सांग, वावर कॉलेजले देऊन टाक. माह्या नावानं लेकरं शिकतीन."

सगळं गाव बसलेलं. मुलगा साधा. मेलेल्या बापाचा शब्द चार माणसांत कसा मोडणार? त्यानं मान हलवली. तेरवी झाल्यावर सह्या-अंगठे झाले.

गोदाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडली नाही. एवढंच बोलली, "मले तं काही बोलले नाहीत ते. मेथी पेराची होती. आता आले की त्यायले विचारजा भाऊ, मी कुठं पेरू?"

त्यानंतर कॉलेजकडं गाडी निघाली की ती रस्त्याच्या कडेला उभी असायची. हात दाखवायची. मी गाडी हळू करायचो. ती काचेशी वाकून विचारायची, "भाऊ, आले होते का?"

भांडण नाही, शिव्या नाहीत. रोज तेवढंच. वावराला तारेचं कुंपण झालं, आत शेषरावाच्या नावाची पाटी लागली. बांधलं मात्र काहीच नाही. गाजरगवत वाढलं.

* * *

गावातल्या एका वकील पोरीनं तक्रार केली. आमदारानं पदाचा गैरवापर करून वावर घेतलं म्हणून. असली बोंब भाऊंवर आधीही झाली होती. टँकरवरून, आश्रमशाळेवरून. भाऊ म्हणायचे, "एवढी वर्षं निवडून आलो तं चार केसा लागणारच." पण या वेळी मुंबईला विधानसभेच्या समितीपुढं बोलावलं.

आत काय झालं ते मला नंतर श्रीरामनं सांगितलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "जमीन देतो असं शेषरावांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

भाऊ म्हणाले, "काल रात्री."

सगळे हसले! श्रीरामला वाटलं, सवयीनं जीभ घसरली. कुणीतरी म्हणालं, साहेब थकलेत, पुढच्या तारखेला घेऊ. पुढची तारीख काही आली नाही.

मी गाडी दारात लावली. मागचं दार उघडून धरलं. भाऊ आले, आत वाकून पाहिलं, आणि फिरून पुढच्या दारानं माझ्या शेजारी येऊन बसले. एवढ्या वर्षांत कधी पुढं बसले नव्हते.

मी विचारलं, "काऊन भाऊ? मागं बसा ना आरामात."

भाऊ समोर पाहत म्हणाले, "मागं जागा नाही."

श्रीराम तिथूनच रेल्वेनं निघाला होता. मागं कुणीच नव्हतं.

* * *

तेव्हापासून भाऊंनी ते वाक्य सोडलं. मयतीच्या घरी जायचे, गप्प बसायचे. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. एका घरी तर बायकोनंच विचारलं, "भाऊ, आमचे नाही आले का वो?"

भाऊ म्हणाले, "सगळेच येतात, बाई. पहिले मी सांगो ते बोलत. आता नुसते बसून राह्यतात."

एक दिवस वावरापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दार उघडलं, पण पाय खाली टाकला नाही. गोदाबाई पलीकडं उभी होती. या खेपेला तिनं काही विचारलं नाही.

मी धीर करून म्हटलं, "देऊन टाका ना भाऊ. गवतच तं हाय."

"देतो रे. पण हे खोटं निघालं तं मंग लोक म्हणतीन, मास्तरायचंही खोटं, अन् सगळ्यायचंच खोटं." मग म्हणाले, "किसन, ते खोटं होतं तवाच बरं होतं बे."

दार लावून घेतलं. मी गाडी पुढं काढली.

* * *

भाऊ सकाळी चहा घेता घेता गेले. कप हातातच होता.

अंत्ययात्रा केवढी! त्या पांढऱ्या चपला मी हातात धरून चाललो. स्मशानात भाऊंचा मुलगा, दादासाहेब, म्हणाले, "ठेवा काका पायाशी. फिरायची सवय होती त्यांना." मी माझ्या हातानं चितेवर ठेवल्या. जळताना पाहिल्या. आधी हिरवा दोरा पेटला.

दादासाहेब सतरंजीवर बसले. पुढची निवडणूक तेच लढवणार हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस दुपारी गोदाबाई एस.टी.नं आली. अंगण माणसांनी भरलेलं. ती बायकांत न जाता सरळ दादासाहेबांसमोर बसली. पदर सारखा केला.

"दादासाहेब, भाऊ काल रात्री आले होते."

अंगणातली माणसं वळून पाहायला लागली.

"म्हणे, गोदाबाई, तुहं वावर तुले देऊन टाकतो. माह्या पोराले जाऊन सांग."

दादासाहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पिंपळगावच्या मास्तरांचा मुलगा बसला होता. बापूरावांची सून बसली होती. तो विरोधी पुढारीसुद्धा होता. सगळ्यांच्या घरी भाऊंनी हेच वाक्य म्हटलेलं. हे खोटं म्हणावं तर बापाचं सगळंच खोटं!

दादासाहेब म्हणाले, "देतो आजी."

"चार माणसांत म्हणलं तुमी," गोदाबाई म्हणाली.

"हो. चार माणसांत म्हणलं."

तेरवी झाल्यावर कुंपण निघालं. म्हातारीनं तिथं मेथीच पेरली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दादासाहेबांनी मला सांगितलं, आजीला घरी सोडून या. मी मागचं दार उघडलं. ती आत डोकावली, जरा थांबली, म्हणाली, "सरका जरासे," आणि अगदी दाराशी अंग चोरून बसली.

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं काय! वाटेत हसून बोललो, "आजी, बरोब्बर हाणली तुमी! भाऊचंच भाऊले!"

"काय हाणली?" ती म्हणाली.

मी गाडी चालवत राहिलो.

तिच्या घरी पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. ती उतरली, फाटक उघडून आत गेली. मी गाडी वळवत होतो, तेवढ्यात तिनं हाक दिली.

"थांब रे किसन. भाऊच्या चपला तेवढ्या घेऊन जाय. काल इथंच राह्यल्या त्यायच्या."

मी उतरून फाटकापाशी गेलो. दाराबाहेर, भिंतीला लागून पांढऱ्या चपला होत्या. डाव्या पट्ट्याला हिरवा दोरा. रस्त्याकडं तोंड करून, नीट जोडीनं ठेवलेल्या.