शेवटचा हात कोणाचा

काकांना ऑफिसातून काढलं ते माझ्या यादीमुळे. आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी माझी कीव करायला नको.

आम्ही हॉस्पिटलातल्या औषधाच्या पंपांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. कोडच्या प्रत्येक ओळीचा इतिहास संगणक जपून ठेवतो: कोणी बदलली, कधी, कशासाठी. काका आमच्यात सगळ्यात जुने, निवृत्तीला आठ महिने उरलेले. दर शुक्रवारी दुपारी ते सगळ्यांचं कोड आवरायचे. वाकड्यातिकड्या ओळी सरळ करायच्या, फालतू रिकाम्या जागा काढायच्या, बस्स. दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालत बसणारी माणसं असतात ना, तसे. "अहो काका, कशाला हा उपद्व्याप?" म्हणून आम्ही चिडवायचो. ते हसून पुढची ओळ घ्यायचे.

मग एका पंपातून जास्त औषध गेलं आणि भोंगा वाजलाच नाही. नर्सचं लक्ष गेलं म्हणून पेशंट वाचला. साहेबांनी मला फर्मावलं, "ताई, चुकीच्या ओळी कोणाच्या, तेवढं काढून द्या. तासाभरात."

मी एक बटण दाबलं. अकराच्या अकरा ओळींसमोर काकांचं नाव. ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, एवढंच ते बटण सांगतं, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! पण जेवायची वेळ झाली होती. दिली यादी पाठवून.

साहेबांनी ती काकांसमोर धरली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, मागचा इतिहास वाचलात ना?"

"हो काका."

त्यांनी डबा आणि टेबलाखालच्या चपला पिशवीत भरल्या आणि गेले.

सोमवारी मी इतिहासात एक पायरी मागे गेले. काकांच्या बदलाखाली त्यांचीच टीप होती: "फक्त मांडणी नीट केली. भोंगा वाजायच्या मर्यादेचा आकडा चुकीचा वाटतो. ताईंना सांगितलं आहे." त्याआधीच्या बदलावर नाव माझं. आणि मेलं सगळं आठवलं. काका कप धरून माझ्या टेबलाशी उभे होते, आणि मी मान वर न करता म्हटलं होतं, "बघते हो."

टीप छापून साहेबांकडे नेली. त्यांनी वाचली, उठून दार लोटलं. "बरं. मग काकांना परत बोलावून तुम्हाला काढू?"

मी म्हटलं, "नको." इतक्या चटकन म्हटलं, की साहेबसुद्धा हसले.