वंदनाताईंचं ‘जुनं’ फोल्डर

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पौडच्या स्टँडवर होतो. समोरची एसटी सुटली, मी तिथंच बसून राहिलो... त्याला आता सहा आठवडे झाले. ताई भुकूमच्या शेतकरी घरातल्या, दहावी शिकलेल्या. उरवड्याच्या आमच्या कारखान्यात त्या पॅकिंगला लागल्या आणि बघून बघून शिकत थेट सर्व्हर सांभाळू लागल्या. मी लातूरहून पदवी मिरवत आलेला इंजिनिअर. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहिणाऱ्या या बाईंना पाहून मनात हसलो होतो. ते हसू पहिल्याच महिन्यात जिरलं.

सर्व्हर भरला होता. मी ऐटीत कमांड लिहिली: दोन वर्षांहून जुन्या सगळ्या फायली शोध आणि पुसून टाक. एंटर दाबणार, तोच ताईंनी कीबोर्ड ओढून घेतला. “पुसायला काय अक्कल लागती व्हय? आदी नुसती यादी काढ. वाच. मग हलव.” यादीत मशीनच्या भागांची जुनी ड्रॉइंग्ज होती. ताईंनी ती वेगळ्या डिस्कवरच्या ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवली. चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलं आणि त्यातलंच एक ड्रॉइंग हवं झालं. ताईंनी चहा निवायच्या आत काढून दिलं. साहेब माझीच पाठ थोपटू लागले. मी ताईंकडे बोट दाखवलं, तर म्हणतात कशा, “व्हय, मीच ठिवलं हुतं. पर पेढं ह्यो देनार हाय!” अशा बाईच्या हाताखाली शिकलो, याचा मला पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे.

पुढं ताई दर महिन्याला अशी यादी काढायला लावू लागल्या. एकदा एक फाईल यादीतून वाचवावी म्हणून मी ती उघडून तशीच सेव्ह करत होतो. तसं केलं की तिला आजची तारीख लागते. ताई कडाडल्या, “वय चोरायचं न्हाई! मानसाचं चालतंय, फाईलीचं न्हाई.”

परवा महिन्याची यादी काढली. नियम ताईंचाच, तीस दिवसांत हात न लागलेली फाईल ‘जुनं’मध्ये जाते. तिसऱ्याच ओळीत ताईंची नोंदवही दिसली... रोज संध्याकाळी त्या तिच्यात दोन ओळी लिहायच्या, म्हणून ती आजवर कधी यादीत आलीच नव्हती. एकदा सेव्ह केली असती तर ती पुन्हा आजची झाली असती, आणि माझा हात तिथवर गेलाही होता.

मग यादी शेवटपर्यंत वाचली आणि सगळ्या फायली हलवल्या. ‘जुनं’ उघडून पाहिलं. नोंदवही पोचली होती. तारीख ताईंच्या हातचीच होती.