धायरीच्या गच्चीवरची सावली

बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी धायरीच्या आमच्या घरावर सोलर बसवून घेतलं, बॅटरीसकट. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरीची दोन पांढरी खोकी आली, त्यांच्यासमोर बाबांची खुर्ची आली. आल्या-गेल्याला ते समजावून सांगत, "उन्हाची वीज आधी घर वापरतं. उरली तर बॅटरीत. बॅटरी भरली तर बाहेरच्या तारेत. आणि संध्याकाळनंतर आपण बॅटरीवर." दूधवाल्यालाही हे पाठ झालं होतं.

मे महिन्यात मात्र बॅटरी भरेनाशी झाली. सकाळी आकडा झरझर चढायचा आणि दुपारी मेलेल्या पालीसारखा पडून राहायचा. बाबांचं जेवण कमी झालं. मी खराडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन यायचा, "छत्तीस टक्के." तापच मोजताहेत असं वाटे.

त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून तंत्रज्ञाने विचारलं, "काका, पॅनेलवर सावली पडतेय का?"

"मे महिन्यात पुण्यात सावली? असती तर मीच जाऊन बसलो नसतो का?"

तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आला, गच्चीवर गेला, सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला. दुपारी आकडा पुन्हा आडवा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गच्चीवर जाण्याचं काम आईकडे होतं. ती रोज वर जाऊन येई आणि सांगे, "अहो, लख्ख आहेत पॅनेलं. तुम्ही उन्हात चढू नका."

त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला आणि गल्लीतले दिवे गेले. शेजारचे दादा, मूळचे इथलेच, खुर्ची घेऊनच आले. "तुमची बॅटरी हाय ना? मॅच बघू." टॉस झाला, पहिलं षटक झालं आणि आमचाही टीव्ही विझला. अंधारात दादा म्हणाले, "सूर्य मावळला वाटतं."

बाबा रात्रभर कूस बदलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तंत्रज्ञाला भर दुपारी बोलावलं. आई तेव्हा भिशीला गेली होती. तो वर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. शेवटी जिना उतरला तेव्हा त्याच्या तोंडात काहीतरी कुरकुर वाजत होतं.

"काका, सावली सापडली. जरा मीठ कमी आहे."

खालच्या दोन पॅनेलांवर आईची जुनी साडी ताणून बांधलेली होती आणि तिच्यावर कुरडया, ओळीने, जाळीदार, खडखडीत वाळलेल्या.

आई परतली तेव्हा बाबा दारातच उभे. "अगं, कुरडया? पॅनेलवर?"

"मग कुठे घालू? सगळी गच्ची तुमच्या पॅनेलांनी खाल्ली. आणि मी दोनच झाकली, चार मोकळी होती की."

तंत्रज्ञ मध्ये पडला. "मावशी, तुमची पॅनेलं एकामागे एक जोडलेली आहेत. दोन झाकली की बाकीच्यांचीही वीज घसरते."

आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे दोघी बसल्या की बाकीच्याही हात चालवायचं सोडतात. आमच्या महिला मंडळात अगदी असंच आहे. आधी सांगायचं होतंत, मला लगेच कळलं असतं."

बाबांना हसू आवरेना. ते चिडायला उभे होते, ते तिथेच पायरीवर बसले.

मग तह झाला. पॅनेलांच्या दक्षिणेला, जिथून त्यांच्यावर सावली पडणार नाही अशा जागी, बाबांनी आईसाठी एक बुटकी खाट टाकून घेतली. तंत्रज्ञाने स्वतः जागा मापून दिली, आणि दोन कुरडया खाऊन झाल्यावर आणखी थोड्या रुमालात बांधून नेल्या.

दुसऱ्या दिवशी बॅटरी पूर्ण भरली आणि संध्याकाळी दादांना पुन्हा बोलावलं. दिवे गेले नाहीत, तेव्हा बाबांनीच बाहेरच्या तारेचा मेन स्विच पाडला. टीव्ही चालू राहिला. सामना संपेपर्यंत बाबांनी स्विच वर केला नाही.