पाहुणे येणार म्हणून

घाबरणं हा माझा जुना धंदा आहे. लहानपणी मी पालीला भ्यायचे, लग्नानंतर सासूबाईंना, आणि बालाघाटच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका झाल्यापासून फोनला. फोन वाजतो. कुठल्या तरी मुलीची आई असते, ‘मॅडम, पोरगी फोन नाही उचलून राह्यली,’ आणि मी अनवाणीच वरच्या मजल्यावर धावते. पोरगी केसांना मेंदी थापून मजेत बसलेली असते. मी तिच्यावर ओरडते, खाली येते, पाणी पिते आणि पुढच्या फोनची वाट पाहते.

त्या वर्षी माझ्या भीतीला चांगलं खतपाणी मिळालं, कारण आमचा डॉक्टर पळाला. ‘पळाला’ हा शब्द कुलसचिवांचा. तो बिचारा रीतसर राजीनामा देऊन जबलपूरला गेला होता. पण गेला तो नेमका पावसाच्या तोंडावर. आमच्याकडे पाऊस ओसरू लागला की तापाचे दिवस सुरू होतात, आणि वसतिगृहातल्या कितीतरी मुली परसवाडा गावाच्या पलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या. सुट्टीत घरी जातात आणि डास चावून घेऊन परत येतात. इथला मलेरिया मेंदूत चढतो. सकाळी नुसतं डोकं दुखतंय म्हणणारं माणूस संध्याकाळी आपल्या आईला ओळखत नाही. माझ्या चुलत बहिणीचं असंच झालं होतं. ती वाचली नाही. आता विद्यार्थी आरोग्य केंद्राला कुलूप होतं, आणि माझ्याजवळ होतं एक थर्मामीटर आणि तापाच्या गोळ्या. रात्री पोरी झोपल्या की मी देवापुढे हात जोडायचे आणि म्हणायचे, डॉक्टर मिळेपर्यंत तेवढं सांभाळ.

डॉक्टर मिळत नव्हता. कुलसचिव इथल्याच जुन्या मराठी घरातले, वडील कलेक्टर कचेरीत बाबू होते, त्यामुळे पदनामावर त्यांचा फार विश्वास. ‘नुसता डॉक्टर पाहिजे म्हटलं तं कोणी येत नाही,’ ते म्हणाले, ‘वैद्यकीय संचालक म्हणा.’ तशी जाहिरात गेली. निवड समितीत एक बाई पाहिजे असा नियम, म्हणून मला घेतलं. अर्ज केलेल्या एका संचालकांनी फोनवर विचारलं, तिकडे वाघ कॅम्पसमध्ये येतो का? दुसऱ्यांनी होकार दिला, मग त्यांच्या बायकोनं नकाशात बालाघाट शोधलं आणि त्यांचा फोन बंद झाला. शेवटी नागपूरच्या एक डॉक्टरबाई मिळाल्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एका कॉलेजचं आरोग्य केंद्र चालवलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आधी येऊन पाहते, मग सांगते.’

या ‘पाहते’नं सगळा घोळ केला. पाहायला येणार म्हटल्यावर कुलसचिवांच्या अंगात मुलीचा बाप संचारला. आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा घर कसं सजतं, हे वेगळं सांगायला नको. नवे अभ्रे येतात, पोह्यांवर जास्तीचं खोबरं पडतं, आणि घरात कोणी आजारी असेल तर त्याला मागच्या खोलीत नेऊन दार ओढून घेतात. खोकणाऱ्या आजोबांना शेजाऱ्यांकडे पाठवतात. यात कोणाला काही वाईट वाटत नाही, आजोबांनाही नाही. पाहुण्यांना घरातलं दुखणं दिसलं की सोयरीक मोडते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

तर विद्यापीठ सजलं. आरोग्य केंद्राला रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले. पाहुण्या यायच्या आदल्या संध्याकाळी कुलसचिव वसतिगृहात आले आणि खोली-खोलीच्या दारात उभं राहून सांगू लागले, ‘उद्या कोणी खाटेवर पडलेलं दिसलं नाही पाहिजे. बीमार पडायचं असंन तं परवा पडा.’ पोरी हसल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. शेवटच्या खोलीत पहिल्या वर्षाची एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. परसवाड्याकडची, हडकुळी, मला रोज न चुकता ‘मॅडम, जेवल्या का?’ विचारणारी. तिचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, ‘अंग दुखून राह्यलं, बस.’ मी तिला गोळी दिली आणि ताप वाढला तर उठव म्हणून सांगितलं. तिनं उठवलं नाही.

सकाळी नाश्त्याला ती नव्हती. तिच्या खोलीतली मुलगी म्हणाली, ‘घरी गेली मॅडम, पहिल्या बसनं.’ न सांगता? ही पोरगी पाण्याची बाटली भरायला जातानाही मला सांगून जाते. खाट नीटनेटकी, चादरीला एक सुरकुती नाही. ती नीट चादर पाहून मला जास्तच भीती वाटली. पण तेवढ्यात गोंदिया स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन गाडी फाटकातून आत आली, आणि कुलसचिवांनी मला हातानं बोलावलं.

डॉक्टरबाई ठेंगण्या, पांढरे केस बारीक कापलेले, सुती साडीखाली खेळाचे बूट. पोहे त्यांनी मन लावून खाल्ले. कुलसचिव वैनगंगेचं पाणी, इथली हवा, इथला तांदूळ, इथली माणसं यांचं वर्णन करत होते. मी माझ्या ताटलीतले पोहे नुसते चिवडत होते. बाईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘पोरं-पोरी आजारी किती पडतात?’

‘आमच्याकडे कोणी बीमारच पडत नाही, मॅडम,’ कुलसचिव म्हणाले. ‘हवाच अशी आहे.’

‘मग मले काहून बोलावलं?’

त्या एकट्याच हसल्या. मग आम्ही आरोग्य केंद्र पाहायला गेलो. बाईंनी सरळ औषधांचं कपाट उघडलं. आत प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ होता. ‘मलेरिया तपासायच्या किट कुठं ठेवता?’ त्यांनी विचारलं. कुलसचिव म्हणाले, सगळा माल येणार आहे, ऑर्डर दिलेली आहे. किटचा खोका काल दुपारपर्यंत त्याच कपाटात होता, हे मला माहीत होतं. पाहुण्यांना मलेरियाची शंका येऊ नये म्हणून तो हलवला होता. मी हळूच व्हरांड्यात आले आणि मुलीच्या घरी फोन लावला.

आईनं उचलला. मी जमेल तितक्या सहजपणे विचारलं, पोरगी पोहोचली का?

‘नाही जी मॅडम, इकडे तं नाही आली,’ ती म्हणाली. मग एकदम आवाज बदलला. ‘काहून? काय झालं माह्या पोरीले?’

तोवर मी एवढी वर्षं आयांचे फोन घेतले होते, स्वतःहून असा फोन कधी केला नव्हता. ‘पाहते मी,’ एवढं म्हणून मी फोन ठेवला. डोळ्यांपुढे सारखी चुलत बहीण येत होती, आईकडे अनोळखी माणसासारखी बघणारी. आत कुलसचिव होते, ज्यांच्यापुढे माझं तोंड कधी उघडत नाही, आणि खूप दिवसांनी हाती लागलेली एक डॉक्टर होती. मी बोलले तर ती जाणार. मग पुढच्या तापाला मी आणि माझं थर्मामीटर.

मी आत गेले आणि म्हणाले, ‘सर, एक मुलगी सापडत नाहीये.’

‘ते नंतर पाहू, मॅडम,’ ते दात ओठ खात हसले.

‘नंतर नाही, आत्ता!’ माझा आवाज एवढा मोठा आणि चिरका निघाला की मीच दचकले. ‘काल तिचे डोळे लाल होते. घरी गेलेली नाही ती.’

डॉक्टरबाई कुलसचिवांकडे बघतच नव्हत्या. ‘चला,’ त्या मला म्हणाल्या, आणि माझ्या आधी चालायला लागल्या.

ती घरी गेली म्हणून सांगणाऱ्या तिच्या खोलीतल्या मुलीला मी दंडाला धरून हलवलं तशी ती रडायला लागली. ‘सरनंच तं सांगितलं मॅडम, खाटेवर कोणी दिसलं नाही पाहिजे म्हणून. ती पहाटेपासून थरथरत होती. आमच्या ताईले पाहाले आलते तेव्हा आजोबाले असंच मागं ठेवलं होतं. पाव्हणे गेले की आणणारच होतो आम्ही तिले.’

मागे म्हणजे मेसचं धान्याचं गोदाम. दार उघडलं तर आत अंधार आणि पोत्यांचा वास. पाहुण्यांना दिसू नये ते सगळं तिथं आणून कोंबलं होतं. डासांचा धूर करायचं मशीन, मोडकं स्ट्रेचर, डागाळलेल्या गाद्या. कुलसचिवांच्या माणसांना आणि पोरींना तीच एक जागा सुचली होती. तांदळाच्या पोत्यांच्या मधोमध चटईवर ती मुलगी घोंगडीत गुंडाळलेली पडली होती, दात घट्ट आवळलेले. आणि तिच्या उशाशीच, हाताच्या अंतरावर, किटचा खोका होता.

बाई साडीसकट जमिनीवर बसल्या. पापणी ओढून पाहिली, मान हलवून पाहिली. ‘बाळा, कुठं आहेस तू?’ त्यांनी विचारलं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मी बीमार नाही, मॅडम. मी ठीक आहे.’

मी खोका फोडला. बाईंनी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि ती पट्टी पोत्यावर ठेवून आम्ही बघत बसलो. एक रेघ आली. मी मनात म्हणत होते, दुसरी नको, दुसरी नको. दुसरीही आली.

स्ट्रेचर मोडकं, म्हणून तिला घोंगडीतच उचललं. एक कोपरा कुलसचिवांनी धरला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ते हिंदीत स्वतःशीच पुटपुटत होते, ‘हे भगवान, बच्ची को कुछ न हो.’ एवढी वर्षं मी त्यांना भीत आले, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. पाहुण्यांसाठी धुऊनपुसून ठेवलेल्या गाडीतच तिला घातलं. रस्त्यात रेल्वेचं फाटक बंद मिळालं. गोंदियाची गाडी यायची होती. ती येता येईना. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर तव्यासारखं तापलं होतं आणि मी तिला सारखी विचारत होते, ‘मी कोण आहे, सांग, मी कोण आहे?’ तिनं सांगितलं नाही.

‘अजून काय काय लपवलं?’ समोरच्या सीटवरून बाईंनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर नाही, नर्स नाही, रुग्णवाहिकेची बॅटरी मेलेली, दर पावसाळ्यात पोरी अशाच पडतात, आणि मला झोप येत नाही. मी रडत होते आणि सांगत होते.

‘हे फोनवर सांगितलं असतं तं कालच आली असती मी,’ त्या म्हणाल्या. फाटक उघडलं.

जिल्हा रुग्णालयात तिला लगेच सुई लागली, सलाईन लागलं. दुपारी तिची आई आली. ती मला बोलेल, मारेल, असं वाटून मी खांबाआड उभी राहिले, पण तिनं मला शोधून काढलं आणि माझा हात धरून शेजारी बसली. तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही. पोरगी डोळे उघडायची, आईकडे बघायची आणि परत मिटायची. ओळख नव्हती त्या बघण्यात. डॉक्टरबाईंची परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती. रात्री त्या माझ्या क्वार्टरमध्ये टेकल्या आणि सकाळी परत वॉर्डात हजर. येता येता त्यांनी कुलसचिवांना फोन केला आणि आरोग्य केंद्राची किल्ली मागितली. पगाराचं काही विचारलं नाही. एरवी मी आनंदानं नाचले असते. तेव्हा माझं सगळं लक्ष त्या पापण्यांकडे होतं.

दुपार कलल्यावर पापण्या उघडल्या. तिनं आईकडे पाहिलं आणि ‘आई’ म्हणाली. आईनं पदर तोंडात कोंबला. मग ती माझ्याकडे वळली. ओठ फुटले होते, आवाज निघत नव्हता. मी कान जवळ नेला.

‘पाव्हणे गेले का, मॅडम?’

‘नाही गं,’ मी म्हणाले, ‘राहिल्या त्या. आता इथंच राहणार आहेत.’

मला वाटलं तिला बरं वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली. सलाईनच्या हातानं चादर बाजूला सारत ती उठायला लागली. ‘उठते मी, मॅडम,’ ती म्हणाली, ‘उठते.’ डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत निजवलं.