कात्रजच्या घाटातला हीटर

ह्यांना जाऊन चार महिने झाले होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. लोक मला धीराची म्हणायचे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "आई, बाबांची गाडी विकून टाक. घाटात तापून बंद पडली तर एकटी काय करशील?" गाडी बावीस वर्षांची. मी म्हटलं, कात्रजचा घाट चढवून बघते; तापली तर विकू. बोलून गेले खरी, पण ती गाडी जाऊ नये एवढं एकच मला मनापासून वाटत होतं.

आणि तापायची ती हमखास. माझं माहेर शिरवळचं. घाट लागला की काटा वर सरकायला लागायचा आणि हे हीटर लावायचे. इंजिनची उष्णता आत ओढली की इंजिन जरा निवतं म्हणे. ऐन मे महिन्यात काचा खाली करून, हीटर सुरू ठेवून आम्ही माहेरी निघालोय, मी पदराने वारा घेतेय आणि चिडतेय.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा मीच वाचून काढलं. त्यात पातळ ऑइल सांगितलेलं. हे दर वेळी दुकानातलं सगळ्यात जाड आणायचे. मी तसं म्हटलं तर उत्तर मिळालं, "पुस्तक छापलं तेव्हा गाडी नवी होती. जुन्या इंजिनाला जाडच लागतं. आपण आमटीचं बघावं." ते आमटीचं मला फार लागलं होतं. पुढे कित्येक वर्षं दर घाटात आमचा हाच वाद.

घाट चढण्याआधी मी गाडी धायरीच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने ऑइल तपासायची पट्टी बाहेर काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं. "काकू, ह्यो पाक कुनी भरला? इंजिन झिजल्यालं न्हाई, मग एवढं जाड कशाला? ते सावकाश फिरतं, घासून गरमी वाढवतं, अन् गरमी वाहून बी नेत न्हाई." रेडिएटर, पंखा, पाणी सगळं ठीक होतं. त्याने पुस्तकातलं ऑइल भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाट चढले. काटा मधल्या रेघेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. बोगद्याअलीकडे गाडी बाजूला घेतली. गाडी आता विकावी लागणार नव्हती.

"अहो, पुस्तक बरोबर होतं," मी मोठ्याने म्हटलं. आता एखादा खवचट टोला यायला हवा होता. त्यांच्या सीटवर तर मीच बसले होते.

मी काच खाली केली आणि हीटर लावला. गरम वारा तोंडावर आला, हात आपसूक पदराकडे गेला आणि मी रडायला लागले. शिरवळ येईपर्यंत हीटर बंद केला नाही.