सगळ्यात मागचा माणूस

बचाव म्हणजे काय, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं या पृथ्वीतलावर कुणालाही कळलेलं नाही. सैन्यातल्या मंडळींनी राग मानू नये. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिडनीजवळ टूनगॅबीला आला आणि कोरोनात विमानं बंद झाली म्हणून दोन वर्षं राहिला. त्याच सुमारास माझ्या बायकोला, मुग्धाला, दिवस गेलेले. सासूबाईंना नाशिकहून येता येईना. मामांनी फोनवर बहिणीला शब्द दिला, "ताई, हा आजार तुझ्या पोरीपर्यंत पोचत नाही. मी बसलोय इथं." आणि ते खरोखरच बसले, टीव्हीसमोर.

क्रिकेट बंद होतं. मामांना सापडल्या अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या मॅचेस. त्यातही चेंडू घेऊन पळणाऱ्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. "पळायला काय, बैलही पळतो. अडवतो कोण ते बघा, जावईबापू." काळ्या-पांढऱ्या फितींपासून त्यांनी क्रमानं सुरुवात केली, आणि मामा ज्या दशकात असत त्या दशकाप्रमाणे आमच्या घराचा बंदोबस्त बदलू लागला.

जुन्या काळी चेंडू पोटाशी धरून सरळ धडक मारायचे, म्हणून बचाववाले सात-आठ धिप्पाड गडी अगदी पुढं, खांद्याला खांदा लावून उभे करायचे. मामांनी दाराशी तेच केलं: चपलांचा रॅक, साबणाची बादली, सॅनिटायझरच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या पुढं मी. बटाट्यांना रोज अभ्यंगस्नान घडे. कोथिंबीर तर इतकी धुतली जायची, की चटणी खाऊन बोललो की तोंडातून फुगे निघत.

मग आजार हवेतूनही येतो असं कळलं. तोवर मामाही लांब पास फेकण्याच्या काळात पोचले होते. "चेंडू डोक्यावरून जायला लागल्यावर पुढची भिंत काय कामाची? फेकणाऱ्याचा हात उठायच्या आत त्याच्यावर तुटून पडायचं." शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजी झाडाची लिंबं घेऊन कुंपणाशी आल्या, की मामा मफलर गुंडाळून अंगणात झेपावत. "स्टॉप, मॅडम." आजी निवांत "नो वरीज, डार्ल" म्हणून लिंबं गवतावर ठेवत. एका दुपारी मामा पार्सलवाल्याला फाटकाबाहेर रेटत होते, तेवढ्यात प्लंबर मागच्या दारानं आत आला. मामा परतले तेव्हा तो मास्क हनुवटीवर घेऊन किचनमध्ये उभा, आणि मुग्धा त्याला चहा गाळून देत होती.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "सगळे पुढं धावलो. मागं कुणी ठेवलंच नाही," एवढंच म्हणाले. पुढचे दहा दिवस मुग्धा नुसती खाकरली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. सुदैवानं काही झालं नाही.

तिथून त्यांचा आधुनिक काळ सुरू झाला. हल्ली म्हणे दोन गडी पार मागं ठेवतात. चार-दोन यार्डांची बारीकसारीक चाल खुशाल करू देतात, फक्त सगळ्यांना ओलांडून कुणी पलीकडे जाता कामा नये. मामांनी बागेतली प्लॅस्टिकची खुर्ची हॉलच्या मागच्या कोपऱ्यात आणून टाकली. तिथून दोन्ही दारं आणि मुग्धाची खोली दिसे. मी हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून जिलबी आणली, तर "जाऊ दे, चार यार्ड दिले," म्हणून दोन स्वतः उचलत. पण मैत्रिणींनी घरात डोहाळजेवण ठरवलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "हा लांबचा पास आहे, पोरी."

मुग्धा म्हणाली, "आई तर नाहीच आहे, मामा." आणि आत गेली.

मामांनी खुर्चीतूनच एकेका मैत्रिणीला फोन लावला. शनिवारी एकेक मैत्रीण फाटकाशी आली, लांबूनच चिडवून, एकेक डबा ठेवून गेली. "एकेक यार्ड घेऊ द्या," मामा म्हणाले. शेवटी शेजारच्या आजी लिंबं घेऊन आल्या. या वेळी त्यांना कुणी स्टॉप म्हटलं नाही.

मुलगी झाली. घरी आणल्यावर चौदा दिवस मामांनी तिला खुर्चीतूनच पाहिलं. पंधराव्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्यांनी तिला उचललं, आणि तिला घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसले.

विमानं सुरू झाली, मामा गेले. खुर्ची गॅरेजमध्ये टाकायचं मी दोनदा ठरवलं. पण पोरगी हॉलमध्ये आली की आधी त्या कोपऱ्याकडे बघते. रविवारी मामांचा व्हिडिओ कॉल येतो. बोलून झालं की ते जरा घुटमळतात. "जावईबापू, फोन तेवढा खुर्चीवर ठेवता का?"

मी खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवतो.

"दोन्ही दारं दिसतायत ना, मामा?" मुग्धा विचारते.

"दिसतायत. तुम्ही करा तुमची कामं."